लागलं की लावलं?

माझी लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गाचं हस्तलिखित निघायचं होतं आणि विषय ठरला होता ‘गावात आलेले नवे शब्द’. मुलांनी केलेल्या यादीत ड्रोन आला, रील आली, फोन-पे आलं आणि लॉकडाऊनही आलं. ही मुलं 2020 साली तीन-चार वर्षांची होती. शब्द रोज कानावर पडतो, पण तो काळ बहुतेकांना आठवत नाही. म्हणून तिने सांगितलं, लॉकडाऊन म्हणजे काय ते घरी विचारा आणि एकेक वाक्य लिहून आणा.

ते कागद घेऊन ती सुट्टीला आली तेव्हा माझा मोठा भाऊ आमच्याकडे होता. दादा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला. 2020 च्या मार्चपासून जिल्ह्याहून येणारे आदेश त्याच्या टेबलावरून ग्रामपंचायतींना जात. त्याने हा शब्द कागदावर पाहिला, लेक तो मुलांच्या तोंडून ऐकते. दोघांचं जुळलं नाही. त्यांचं बोलणं इथे लिहिते आहे, आणि राहवलं नाही तिथे माझंही.

लेक : ऐक मामा. ‘लॉकडाऊन म्हणजे पप्पा घरी होते.’ ‘लॉकडाऊन म्हणजे बाहेर गेलं की पोलीस मारायचे.’ ‘लॉकडाऊनमध्ये माझी बहीण झाली.’ ‘आईने मोबाइल काढून घेतला की आमच्या घरी लॉकडाऊन असतं.’ आणि हे बघ, ‘उसात बिबट्या आला तेव्हा आमच्या वस्तीवर लॉकडाऊन लागलं होतं.’

दादा : यातल्या एकानेही अर्थ सांगितलेला नाही. पप्पा घरी होते हा परिणाम झाला. बिबट्या आला म्हणून लोक दारं लावून बसले, ती भीती झाली. मोबाइल काढून घेतला ती शिस्त झाली. मग लॉकडाऊन म्हणजे काय, हे राहिलंच की.

लेक : तू सांग.

दादा : तीन दिवसांत चार शब्द आले. 22 मार्च 2020, रविवार, जनता कर्फ्यू. ते आवाहन होतं, पाळलं नाही तर गुन्हा नव्हता. 23 तारखेला राज्यात जमावबंदी, म्हणजे 144 कलम, पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही. त्याच दिवशी संचारबंदी जाहीर झाली, जिल्ह्यांच्या सीमा बंद. आणि 24 तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले, मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सगळा देश बंद. आवाहन, जमावबंदी, संचारबंदी, लॉकडाऊन. प्रत्येकाचं वजन वेगळं. पहिल्या तिन्हींचा अर्थ मला कुणी झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. चौथ्याचा नाही. 1897 चा साथरोग कायदा बघ, 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा बघ, दोन्हींत हा शब्द नाही. आदेशात आला, मुदतवाढीत आला, पण कायद्यात त्याची व्याख्या नाही.

लेक : मग लोकांनी आपली केली. त्यात बिघडलं काय?

दादा : काय बिघडतं ते मी फोनवर ऐकलंय. किराणा चालू, दूध चालू, औषधं चालू, एवढं कळायचं. पिठाच्या गिरणीचं काय? पंक्चर काढणाऱ्याचं? बियाण्याच्या दुकानाचं? एका म्हाताऱ्याचा चष्मा फुटला, तर चष्म्याचं दुकान अत्यावश्यक आहे का? दर दोन-चार दिवसांनी यादीला पुरवणी यायची. पुरवणी यायच्या आत एखाद्याने शटर अर्धं वर केलं, तर त्याच्यावर 188 खाली गुन्हा. पुढे हे गुन्हे मागे घ्यायचं सरकारने ठरवलं, पण त्या दुकानदाराला चौकीची पायरी चढावी लागली ती लागलीच. शब्द मोघम असला की तो ज्याच्या हातात काठी आहे त्याच्या मनाप्रमाणे वाकतो.

लेक : हे मला मान्य. पण दळण आणायला निघालेल्या बाईला तुझ्या याद्या कुठून पाठ असणार? तिला एक शब्द पुरतो. ‘लॉकडाऊन लागलंय, जाऊ नका.’

दादा : तिथेच माझी खरी हरकत आहे. ‘लागलं’. सगळी म्हणतात लागलं. पाऊस लागतो, ग्रहण लागतं, दृष्ट लागते. त्यांना करणारा कुणी नसतो. लॉकडाऊन लावलं गेलं. कागद होता, त्यावर जावक क्रमांक होता, तारीख होती, खाली सही होती.

लेक : आचारसंहिताही लागते मामा. कर्फ्यूही लागतो. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या दंगलीत मुंबईकर काय म्हणायचे? कर्फ्यू लागला. ज्याच्यावर येऊन आदळतं तो ‘लागलं’ म्हणणार. ‘लावलं’ म्हणायला माणूस सहीपर्यंत पोचलेला लागतो.

दादा : म्हणून तर धोका. लागलं म्हटलं की कुणी लावलं, का लावलं, एवढ्या घाईने का लावलं, हे विचारायचं राहून जातं. रात्री आठला सांगितलं, बाराला लागू. मध्ये चार तास. रेल्वे आधीच थांबली होती, मुंबईची लोकल थांबली होती. त्या चार तासांत कोण कुठे पोचणार होतं? रोग नवा होता, औषध नव्हतं, लस नव्हती, दवाखाने तयार नव्हते. काहीतरी करायला हवं होतं, आणि माझ्या मते बंद करायलाच हवं होतं. पण ते माणसांनी ठरवलेलं होतं, आभाळातून पडलेलं नव्हतं. तुझ्या हस्तलिखितात कर्ता आलाच पाहिजे.

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस सही दाखवायला सांगतो, लपवायला नाही, याचं मला बरं वाटलं. पण लेक अडून होती.

लेक : मग मराठी शब्द घे. टाळेबंदी. पेपरांनी वर्षभर छापला. त्यात निदान टाळं दिसतं, म्हणजे टाळं लावणाराही दिसतो.

दादा : तो शब्द आधीच कामात होता. आपले परळचे काका असते तर त्यांनी तुला सांगितलं असतं. संप कामगार करतो, टाळेबंदी मालक करतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात दोन्हींच्या व्याख्या होत्या. गिरणगावात 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं. काका त्यातले. टाळेबंदी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे गेट यायचं, आत यंत्रं आणि बाहेर माणूस. लॉकडाऊनमध्ये माणूस आत आणि काम बाहेर. अर्थ नेमका उलटा झाला. त्यामुळे पेपरांनी कितीही छापलं तरी लोकांनी तो उचलला नाही.

लेक : कुणासाठी उलटा झाला?

दादा : म्हणजे?

लेक : 8 मे 2020. जालन्यातल्या स्टील कारखान्यात काम करणारे मजूर, मध्य प्रदेशातले. काम थांबलेलं, हातात पैसे नाहीत. भुसावळहून गावाकडे गाडी मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले. बदनापूरच्या पुढे, करमाडच्या अलीकडे दमून रुळांवरच आडवे झाले. गाड्या बंद आहेत असंच सगळ्यांना वाटत होतं. पहाटे मालगाडी आली. सोळा माणसं गेली. रुळांमध्ये विखुरलेल्या त्यांच्या पोळ्या साऱ्या देशाने फोटोत बघितल्या. मामा, ही माणसं कशाच्या आत होती? त्यांच्या बाबतीत काकांचाच शब्द खरा होता. गेट बंद आणि माणूस बाहेर. घर असलेल्यांचं लॉकडाऊन झालं, घर नसलेल्यांची टाळेबंदी झाली. एकाच रात्री, एकाच आदेशाने.

दादा : हे मला सुचलं नव्हतं.

लेक : तरी तू म्हणतोस शब्दाचा अर्थ आदेशात शोधायचा.

दादा : आदेशातही शोध म्हणतोय. ऊसतोडीचं घे. मार्च म्हणजे पट्टा पडायचे दिवस, हंगाम संपत आलेला. बीड-नगरकडच्या टोळ्या कारखान्यांच्या आवारात खोपी टाकून बसलेल्या. बैल, शेळ्या, लहान पोरं, सगळं तिथेच. सगळीकडे एकच सांगणं, घरीच राहा. त्यांचं घर दोनशे-तीनशे किलोमीटरवर. वैरण संपत चालली आणि जिल्ह्याची सीमा बंद. 17 एप्रिलला सरकारने त्यांना गावी सोडायची परवानगी दिली. राज्यभरात एक लाखाहून जास्त माणसं होती ती. तपासण्या, याद्या, कोण कुठल्या गाडीत, हे सगळं आम्ही लिहीत होतो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ‘घरीच राहा’ हे वाक्य लिहिणाऱ्याने सगळ्यांना घर आहे असं धरलेलं होतं.

लेक : त्या माणसांना तू विचारलंस की काय झालं होतं, तर ती काय म्हणतील? ‘लॉकडाऊनमध्ये अडकलो.’ त्यांच्या तोंडी ‘अडकलो’ला जो जोर आहे तो तुझ्या आदेशात कुठे आहे?

या शब्दाचं मूळ मी मध्येच काढलं, कारण वाचलेलं होतं. अमेरिकेत गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात हा तुरुंगाचा शब्द होता. दंगा झाला, पळून जायचा प्रयत्न झाला, की सगळ्या कैद्यांना कोठडीत घालून दारं लावायची, ते लॉकडाऊन. पुढे शाळांमध्ये बंदूकधारी घुसू लागले तसा तो शाळेत आला. माझ्या जावेची नात न्यू जर्सीत शिकते. तिच्या वर्गात वर्षातून अनेकदा सराव होतो. दार लावायचं, दिवे घालवायचे, कोपऱ्यात बसायचं, हूं की चूं करायचं नाही. त्या पोरीला हा शब्द साथीच्या आधीपासून माहीत होता आणि तिच्यासाठी तो आजही बंदुकीचा शब्द आहे. 2020 च्या शेवटी ब्रिटनच्या कॉलिन्स शब्दकोशाने लॉकडाऊनला वर्षाचा शब्द ठरवलं, तोवर तुरुंगाची आठवण पार पुसून गेली होती.

दादा : पुसायला नको होती. तुरुंगात दारं लावली तर जेवण कोठडीपर्यंत पोचवावं लागतं. ती सरकारची जबाबदारी असते. शब्द तिथून उचलला, जबाबदारी तिथेच राहिली.

लेक : हे मी लिहून घेते. पण मामा, लोक शब्द वापरतात तेव्हा त्यांना तुरुंग आठवत नाही, साल आठवतं. ‘लॉकडाऊनच्या आधी घर बांधलं’, ‘लॉकडाऊननंतर गुडघे धरले’. आपल्याकडे काळ असाच मोजतात. पणजी म्हणायची ना, प्लेगचं साल. आजी म्हणायची बहात्तरचा दुष्काळ. किल्लारीकडे भूकंपाच्या आधी आणि भूकंपानंतर. तसं हे लॉकडाऊनचं साल. तुझ्या व्याख्येत हे बसत नाही म्हणून ते चूक होत नाही.

दादा : फरक बघ. प्लेगचं साल म्हणताना पणजी रोगाचं नाव घ्यायची. दुष्काळ, भूकंप, ही संकटांची नावं. आपण रोग सोडला आणि बंदीचं नाव ठेवलं. उद्याच्या पोरांना वाटेल, माणसं बंदीने मेली.

लेक : नाही वाटणार. बोलणं नीट ऐक. माणूस ‘कोरोनात गेला’ म्हणतात. ‘लॉकडाऊनमध्ये गेला’ क्वचित. आणि लग्न? ते ‘लॉकडाऊनमध्ये’ झालं, ‘कोरोनात’ झालं असं फार कुणी म्हणत नाही. मरण रोगाकडे, जगणं बंदीकडे. हे कुणी शिकवलेलं नाही, लोकांनी आपणहून वाटून घेतलंय.

दादा यावर थोडा वेळ काही बोलला नाही, मग प्लेगवर गेला. पणजीच्या आठवणी त्याला तोंडपाठ आहेत. गावात उंदीर पडायला लागले की गाव उठायचं. माळावर झोपड्या पडायच्या, घरं ओस. प्लेगात वाचायचा उपाय घर सोडणं हा होता आणि कोरोनात घर न सोडणं. एकाच घराण्याच्या चार पिढ्यांत उपाय असा उलटला. कायदा मात्र तोच राहिला. 4 फेब्रुवारी 1897 ला मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी केलेला कायदाच 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला.

लेक : त्याच कायद्याच्या साली पुण्यात सोजीर घराघरांत शिरले. 22 जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. आणि त्याच साथीत, 10 मार्चला, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. मी दर वर्षी मुलांना सांगते.

दादा : आणि केसरीतल्या लेखनासाठी टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी केसरी पुन्हा हातात घेतला तो 4 जुलै 1899 ला, ‘पुनश्च हरिः ओम्’ हा अग्रलेख लिहून. 2020 च्या जूनमध्ये राज्य उघडायला लागलं तेव्हा मुख्यमंत्र्यांनी हेच शब्द घेतले. प्लेगच्या बंदोबस्तावर टीका करणारा माणूस तुरुंगातून बाहेर आला, त्याचे ते शब्द होते. सव्वाशे वर्षांनी ते बंदोबस्त करणाऱ्यांनी वापरले. वापरू नयेत असं नाही. पण शब्द कुठून कुठे गेला हे कुणीतरी सांगायला हवं.

लेकीने मग तळातला एक कागद वर काढला. तो तिने आधी मुद्दामच वाचला नव्हता. ‘लॉकडाऊन म्हणजे आम्ही आपल्या वर्गात झोपायचो.’

लेक : हा मुलगा चार वर्षांचा होता. बाप मुंबईत हॉटेलच्या भटारखान्यात. हॉटेल बंद झालं, खोलीचं भाडं थकलं, मे महिन्यात तिघं टेम्पोने गावाकडे आले. गावाने वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता अडवला होता. दोन पोरं राखणीला. ‘मुंबईवाले’ हा तेव्हा शिवीसारखा शब्द झाला होता. शेवटी त्यांना शाळेत ठेवलं, चौदा दिवस. आता चौथीचा वर्ग भरतो त्याच खोलीत. बाकं एका भिंतीला रचलेली, खाली सतरंजी. बाईने खिचडीच्या शेडमध्ये चूल मांडली. चुलता रोज भाकरीचं फडकं फाटकाला बांधून जायचा, हाक मारायचा आणि ती बाहेर यायच्या आत निघून जायचा. त्या पोराला आठवतंय ते एवढंच की रात्री फळ्यावर पाली फिरायच्या आणि आई दिवा घालवू द्यायची नाही. बाप परत मुंबईला गेलाच नाही. आता गावात चिकनचं दुकान चालवतो.

दादा : शाळा विलगीकरणासाठी ताब्यात घ्यायचे आदेश आमच्याच कचेरीतून गेले होते.

लेक : ते मला माहीत आहे. सही तिथे आहे. पण बाभळीच्या फांद्या टाकायचा आदेश कुणाचा होता?

दादा : कुणाचाच नाही. उलट असे रस्ते अडवू नका म्हणून आम्ही कळवत होतो.

लेक : मग ते लॉकडाऊन कुणी लावलं? त्याला जावक क्रमांक नाही. चुलत्याने भावजयीला तोंड न दाखवता निघून जावं, असंही कुठल्या आदेशात नव्हतं. तू म्हणतोस कर्ता लिही. लिहिते. पण कर्ता म्हणून नुसतं सरकार लिहिलं तर गाव सुटतं.

या प्रश्नाला माझ्याकडेही बगल द्यायला जागा नाही. गावं घाबरलेली होती आणि ती भीती खरी होती. म्हातारी माणसं घरात होती, तालुक्याला ऑक्सिजनची सोय नव्हती. तरीही ज्यांनी वर्षानुवर्षं मुंबईहून गणपतीची, जत्रेची वर्गणी पाठवली, त्यांच्यापुढे काटे टाकले गेले. ‘लॉकडाऊन लागलं होतं ना तेव्हा’ म्हटलं की हे काटेही त्या एका शब्दाखाली झाकले जातात. दादाची ‘लागलं’बद्दलची हरकत मला इथे सगळ्यात जास्त पटली, आणि त्याला ती ज्यांच्यावर रोखायची होती त्यांच्याबरोबर आमच्यावरही येऊन थांबली.

दादा : मग तूच माझ्या बाजूला आलीस. शब्द सैल सोडला की असं झाकलं जातं.

लेक : आणि तुझे घट्ट शब्द काय करतात ते 2021 चं बघ. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, तेव्हा कागदावर पूर्ण लॉकडाऊन नव्हतं. होतं काय? ‘ब्रेक द चेन’. कडक निर्बंध. शुक्रवारी रात्री आठपासून सोमवारी सकाळी सातपर्यंत सगळं बंद, त्याला वीकेंड लॉकडाऊन. कचेरीत पंधरा टक्के हजेरी. लग्न दोन तासांत उरकायचं, माणसं पंचवीस, मोडलं तर दंड 50,000 रुपये. मातीला वीस जण. शटर खाली, एसटी जवळजवळ रिकामी, आणि सरकारी भाषेत ती साखळी तोडणं. लोकांनी बघितलं आणि सरळ म्हटलं, लॉकडाऊन लागलं. त्या वर्षी खरं कोण बोललं, कागद की लोक?

दादा : लोक. ते मी तेव्हाही म्हणत होतो. नाव मऊ केलं की निर्णय मऊ होत नाही.

लेक : झालं तर.

दादा : झालं कसं? सगळ्या सैल वापराला मी हो म्हणणार नाही. आपल्या धाकट्याला विचार.

धाकटा म्हणजे माझा मुलगा. 2020 ला दहावीला होता. 23 मार्चला भूगोलाचा शेवटचा पेपर होता. नकाशे भरायची तयारी झालेली, रंगीत पेन्सिलींना टोकं काढून ठेवलेली. पेपर आधी पुढे गेला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवर गुण मिळाले. पुढच्या वर्षी तर दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल 99.95 टक्के लागला. तेव्हापासून ‘लॉकडाऊन बॅच’ ही शिवी झाली. नोकरीच्या मुलाखतीत त्याला हसत हसत विचारलं गेलं, ‘म्हणजे तुम्ही लॉकडाऊनमध्ये पास झालेले का?’ तो एक पेपर सोडून सगळे पेपर लिहून पास झाला होता. हे त्याने समोरच्याला सांगितलं नाही, घरी येऊन मला सांगितलं. पुढच्या वर्षीच्या मुलांकडे तर सांगायलाही काही नव्हतं. परीक्षा घेतली नाही हा निर्णय मोठ्यांचा होता, शिक्का मुलांवर बसला.

दादा : ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणत होते ना? मग त्या शिक्षणाची थट्टा का?

लेक : कारण ते शिक्षण सगळ्यांपर्यंत पोचलं नाही, आणि हे वर्गात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. माझ्याकडे चौथीत काही मुलं आहेत, त्यांच्या मोठ्या भावंडांच्या वाट्याला दीड वर्ष घरातला एकच फोन होता आणि तो बापाबरोबर रानात जायचा. त्या भावंडांना जोडाक्षर वाचता येत नाही. इथे मी तुझ्या बाजूला आहे. ‘लॉकडाऊन बॅच’ हा शब्द मी वर्गात चालू देत नाही. पण ‘पप्पा घरी होते’ हे मी कापणार नाही. आणि बिबट्याचं लॉकडाऊनही राहू दे. ज्या पोराने ते लिहिलं त्याला घरात कोंडून बसणं काय असतं ते कळलंय.

दादा : मग पानावर पहिली ओळ काय?

लेक : तूच सांग. कर्ता घालून.

दादाने चष्मा लावला आणि सावकाश सांगितलं : ‘24 मार्च 2020 रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी जाहीर केलं की मध्यरात्रीपासून एकवीस दिवस लोकांनी घराबाहेर पडायचं नाही.’ लेकीने लिहिलं. खाली वर्गात झोपणाऱ्या मुलाचं वाक्य घातलं. त्याच्याखाली बाभळीच्या फांद्यांचं एक वाक्य तिने स्वतः जोडलं, ‘गावाने’ हा कर्ता घालून.

लेक : आता शेवट. संपलं कधी?

दादा : 14 एप्रिलला संपायचं होतं. मग 3 मे, मग 17 मे, मग 31 मे. जूनपासून अनलॉक. पण मुंबईत सगळ्यांसाठी लोकल सुरू झाली 1 फेब्रुवारी 2021 ला, तीही ठरावीक वेळांपुरती. मग पुन्हा बंद. दोन डोस घेतलेल्यांना 15 ऑगस्टपासून. शाळा 4 ऑक्टोबर 2021, त्याही सगळ्या इयत्ता नाहीत. राज्यातले सगळे निर्बंध उठवायचा निर्णय मंत्रिमंडळाने 31 मार्च 2022 ला घेतला, गुढीपाडव्याच्या तोंडावर. कागदावर हीच शेवटची तारीख. तीच घाल.

लेक : सुरुवातीला एक तारीख आहे मामा, शेवटाला नाही. करमाडजवळ गेलेल्या सोळा जणांच्या घरांना तू पाडव्याची तारीख सांगशील? चिकनच्या दुकानवाल्याला सांगशील? सुरुवात एकाने केली, ती तुझ्या ओळीत आली. शेवट ज्याचा त्याला ठरवू दे.

दादा : ज्याचा त्याला म्हटलं की पुन्हा ‘आपोआप संपलं’ होईल. कुणीतरी ते संपवलं असेल. कुणी उसने पैसे दिले असतील, कुणी नोकरीवर परत घेतलं असेल, कुणी फांद्या उचलल्या असतील. तेही नावानिशी यायला हवं.

सोमवारी मुलांना देण्यासाठी लेकीने वहीच्या नव्या पानावर प्रश्न लिहिला : ‘तुमच्या घरातलं लॉकडाऊन कोणत्या दिवशी संपलं?’ दादाने पेन मागून घेतलं आणि खाली दुसरा लिहिला : ‘ते कुणी संपवलं?’